सहा वाजता अंधार पडतो

डिसेंबर जवळ आला की आमच्या ग्रुपमध्ये दोन गोष्टी हमखास होतात. एक, कुणीतरी "या वर्षी जायचंच" असा मेसेज टाकतं. आणि दोन, पुढचे पंधरा दिवस सगळे मिळून रस्त्यावरून भांडतात. कुठे जायचं हे ठरायला पाच मिनिटं पुरतात (मालवण. दर वेळी मालवणच. मासे आणि समुद्र यापुढे आमची कल्पनाशक्ती जात नाही). पण पुण्याहून मालवणला जायचं कुठून? इथे प्रत्येकाचा एक रस्ता आहे, आणि तो पुणेकराच्या मिसळीसारखा आहे. म्हणजे आपला तोच खरा, बाकीच्यांना काही कळत नाही.

यंदा नऊ माणसं, दोन गाड्या. सगळ्यात लहान मेंबर सहा वर्षांचा, सगळ्यात मोठ्या माझ्या सासूबाई, वय ७४, दोन्ही गुडघे कुरकुरणारे. गाडी चालवू शकणारे कागदावर चार, प्रत्यक्षात अडीच.

पहिला पक्ष ताम्हिणीवाल्यांचा. ताम्हिणीतून माणगावला उतरायचं आणि मुंबई-गोवा हायवे धरायचा. महाड, चिपळूण, हातखंबा, राजापूर, कणकवली. या हायवेचं रुंदीकरण २०११ साली सुरू झालं तेव्हा आमच्यातल्या निम्म्यांची लग्नंही झाली नव्हती. आता बराचसा रस्ता उत्तम आहे, कशेडीचा बोगदाही झालाय, पण मधेच चौपदरी काँक्रीट संपतं आणि एकदम डायव्हर्जनचा बोर्ड समोर येतो. अंतर साडेचारशेच्या आसपास.

दुसरा पक्ष सागरी मार्गवाल्यांचा. दाभोळची जेट्टी, जयगडची जेट्टी, आरे-वारे, पूर्णगड, विजयदुर्ग, देवगड. या रस्त्याइतकं सुंदर महाराष्ट्रात फार कमी काही असेल, यात वाद नाही. पण हा पोचण्याचा रस्ता नाही, हीच एक ट्रिप आहे. गाडी बोटीत चढवून पलीकडे जायला मजा येते, पण शेवटची फेरी चुकली की खाडीला वळसा घालताना संध्याकाळ संपते. दोघंच असाल, तीन दिवस हातात असतील तर डोळे झाकून जा. नऊ जणांना घेऊन जाऊ नका.

तिसरा रस्ता कोल्हापूरवाल्यांचा. सातारा, कऱ्हाड, कोल्हापूर, मग राधानगरीवरून फोंडा घाट उतरून कणकवली. अंतर चारशेच्या आत. मॅप हाच दाखवतो आणि वर आठ-एक तास लागतील असंही सांगतो.

मी यंदा तिसऱ्या रस्त्याच्या बाजूने आहे. पण एका अटीवर, आणि त्या अटीवरूनच सध्या ग्रुपमध्ये माझा उद्धार चालू आहे. अट अशी की जाताना एक रात्र कोल्हापूरला मुक्काम, आणि येतानाही एक रात्र कोल्हापूरला मुक्काम.

"अरे, कोल्हापूर म्हणजे सव्वादोनशे किलोमीटर! तेवढ्यासाठी हॉटेल? म्हातारा झालास का?"

झालो असेन. पण मी कुठून बोलतोय ते सांगतो.

डिसेंबर २०१३. ग्रुप हाच, रस्ता हाच. तेव्हा मी एक्सेल शीट केली होती. किलोमीटर, टोल, पेट्रोल, नाश्त्याच्या जागा, सगळे कॉलम. सकाळी सहाला निघायचं, चारला मालवण. शीटप्रमाणे सूर्यास्त आम्ही किनाऱ्यावर बसून बघणार होतो. प्रत्यक्षात निघालो दहाला, कारण ग्रुप. (एका माणसाला उशीर होण्याची शक्यता थोडी असते. पण निघायचं सगळ्यांनी मिळून असतं, त्यामुळे जो सगळ्यात उशिरा येतो तीच निघायची वेळ. हे कॉलेजात शिकलोय, तरी शीटमध्ये घातलं नाही.) कोल्हापुरात तांबडा-पांढरा झाला, जेवण लांबलं, पान झालं, चार वाजले. कुणीच म्हणालं नाही की आता इथेच राहू. मालवणचं बुकिंग होतं ना, पैसे भरलेले.

राधानगरीच्या रस्त्यावर सहा वाजले आणि अंधार पडला. मे महिन्यात हीच वेळ म्हणजे चक्क उन्हाची, सूर्य सातच्या सुमाराला मावळतो. डिसेंबरात सहालाच मावळतो, आणि डोंगराच्या कडेला तर त्याच्याही आधी उजेड जातो. आम्ही सगळे ट्रिपा मे महिन्याच्या घड्याळाने आखतो आणि करतो डिसेंबरात.

दुसरी गाडी माझा जुना रूममेट चालवत होता. आदल्या रात्री त्याचं रिलीज होतं, तीनपर्यंत कॉलवर. मी दिवसभरात त्याला तीनदा विचारलं, "चालवू का मी?" तीनदा तो म्हणाला, "ठीक आहे रे." मीही तीनदा सुटकेचा श्वास सोडला, कारण माझी गाडी मग कोण चालवणार होतं?

थंडीचे दिवस म्हणजे उसाचे दिवस. ऑक्टोबर-नोव्हेंबरात कारखाने पेटतात ते मार्चपर्यंत, आणि कऱ्हाड-सांगली-कोल्हापूर पट्ट्यात सगळे रस्ते ट्रॅक्टर-ट्रॉल्यांचे आणि बैलगाड्यांचे होतात. ट्रॉलीला मागे दिवा असलाच तर तो उसाच्या मोळ्यांखाली झाकलेला. अंधारात ती दिसतच नाही. एकदम समोर काळोखाचा एक ठोकळा उभा राहतो. त्याला तो दिसला तेव्हा फार जवळ आला होता. त्याने गाडी डावीकडे घातली, ती रस्ता सोडून शेतात जाऊन थांबली. डाव्या बाजूचं पत्रं सोलून निघालं. बाकी कुणाला काही नाही. खरंच काही नाही. मागच्या सीटवर त्याची पाच वर्षांची मुलगी होती, ती रडलीसुद्धा नाही. रात्री मालवणला पोचेपर्यंत एक शब्द बोलली नाही.

ट्रॉलीवाल्याला शिव्या घालणं सोपं होतं, घातल्याही. पण ज्या शीटमध्ये टोल रुपयापर्यंत बरोबर होता, तिच्यात "काल रात्री कोण किती झोपलं" असा कॉलम नव्हता. ती शीट माझी होती.

आणि त्या रात्री पुढे काय होतं? दाजीपूरचं जंगल. गव्यांसाठीचं अभयारण्य. गवा संध्याकाळी-रात्री रस्त्यावर येतो, काळा असतो, आणि त्याला तर मोळ्यांखाली झाकलेला दिवाही नसतो. त्यानंतर घाट. आम्ही तो दहाच्या स्पीडने उतरलो, सगळे गप्प.

आपण सॉफ्टवेअरवाले लोक शॉर्टेस्ट पाथ म्हटलं की किलोमीटर किंवा मिनिटं मोजतो. पण त्याच रस्त्याचं वजन दुपारी एक असतं आणि संध्याकाळी सातला वेगळंच असतं. मॅपचे आठ तास म्हणजे न थांबणाऱ्या एका गाडीचे आठ तास. त्यात सासूबाईंचे गुडघे नाहीत, पोराची उलटी नाही, मागे राहिलेल्या दुसऱ्या गाडीची वाट बघणं नाही.

"मग रात्रीच निघू की, ऑफिस संपवून दहाला निघालं की पहाटे तिथे!" असा एक चौथा पक्ष दर वर्षी उगवतो. याला माझा सरळ नकार आहे. दिवसभर काम करून पहाटे तीन ते पाच गाडी चालवायची, म्हणजे शरीर झोप मागत असतं नेमकं तेव्हा. वर कृष्णा-पंचगंगेच्या पट्ट्यात थंडीत पहाटे धुकं असतं ते वेगळं.

परतीच्या मुक्कामावर तर सगळ्यात जास्त चिडचिड झाली. येतानाचं प्लॅनिंग कुणी करतच नाही. रविवारी जेवून निघायचं आणि रात्री पुण्यात शिरायचं, सगळ्यात दमलेले असताना, सगळ्यात वाईट ट्रॅफिकमध्ये. कात्रजच्या नव्या बोगद्यातून बाहेर पडलं की नवले पुलापर्यंत तो लांब उतार आहे. तिथे नोव्हेंबर २०२२ मध्ये एका ट्रकने चाळीसहून जास्त गाड्या ठोकल्या. रविवारची रात्रच होती. चूक तुमची असायलाच पाहिजे असं नाही, तुम्ही त्या वेळी तिथे असलात की पुरतं. रविवारी दुपारी बाराला तिथून गेलो तर कसलीही हमी मिळत नाही हे मान्य, पण निदान आपण जागे असू.

याची किंमत आहे. पाच दिवसांच्या ट्रिपमध्ये मालवणला चारऐवजी दोनच रात्री मिळतात, बाकीच्या दोन कोल्हापूरच्या हॉटेलात जातात. ज्यांची सुट्टी मोजून मापून मिळते त्यांना हे टोचणारच. सिंधुदुर्ग किल्ला की तारकर्ली, यातलं एक सोडावं लागेल. मला चालेल. किल्ला १६६४ पासून तिथेच आहे.

परवा ग्रुपवर पोल टाकला. माझ्या बाजूने दोन मतं, एक माझं आणि एक बायकोचं. म्हटलं संपलं. मग रूममेटचा मेसेज आला. तो एरवी ग्रुपवर फक्त अंगठे टाकतो. त्याने लिहिलं, "कोल्हापूर मुक्काम असेल तर मी गाडी घेऊन येतो. नाहीतर तुम्ही जाऊन या." बारा वर्षांत त्या रस्त्याबद्दल तो पहिल्यांदाच बोलला. त्याची मुलगी आता कॉलेजात जाते. तिने खाली लगेच "+१" केलं.

पोल कुणीतरी गुपचूप डिलीट केला. कोल्हापूरचं बुकिंग झालंय, चार खोल्या, सासूबाईंसाठी तळमजला. आता मिसळ कुठे खायची यावरून दोन गट पडलेत, आणि हे काही डिसेंबरच्या आत मिटेल असं दिसत नाही.