मधुमेही बोका आणि सोन्याचे मांजर

मांजर मारले तर सोन्याचे मांजर करून काशीला दान द्यावे लागते, असे जुनी माणसे सांगत. सोने परवडत नाही म्हणून असेल, पण मांजर मारायला आपल्याकडे सहसा कोणी धजावत नाही. त्याला पोत्यात घालायचे, नदीपलीकडे किंवा मासळीबाजारात सोडायचे आणि हात झटकून घरी यायचे, ही सोपी वाट मात्र सर्वांना ठाऊक आहे. त्यातून ते मांजर आजारी असले तर विचारायलाच नको!

सोडून दिलेल्या अशा मांजरांना उचलून आणणारी, त्यांच्यावर उपचार करून त्यांना घर शोधून देणारी माणसे आता बऱ्याच शहरांत आहेत. त्यांच्याकडची गोजिरवाणी पिल्ले हातोहात जातात. मागे उरतात ती कायमच्या दुखण्याची मोठी मांजरे. कोणाला दमा, कोणाला फिट्स, कोणाला मधुमेह. अशा मांजराला घरी न्यावे का? माझ्या मते जरूर न्यावे. पण केवळ दया आली म्हणून नेऊ नये. आपल्याला झेपेल का, याचा हिशेब करून न्यावे.

हे मी ऐकीव माहितीवर लिहीत नाही. आमच्या घरी तीन वर्षांपासून असा एक बोका आहे. नाव बंडोपंत. तो आला तेव्हा शेजारच्या काकू म्हणाल्या, "अगं बाई, मांजराला शुगर?" होय, मांजरालाही मधुमेह होतो; त्यातही मध्यमवयीन, लठ्ठ, खच्ची केलेल्या बोक्यांना अधिक. सतत तहान, वारंवार लघवी, भरपूर खाऊनही रोडावत जाणे, ही लक्षणे माणसासारखीच. उपचारही ओळखीचा. दर बारा तासांनी इन्सुलिन. सुई अगदी बारीक असते. सैल कातडी चिमटीत धरून ती टोचली, तर बंडोपंत वाटीतून तोंडसुद्धा वर काढत नाहीत.

मग अवघड काय आहे? अवघड आहे तो नेम. इन्सुलिन एका मिलिलिटरला ४० युनिटचे असते, तसे १०० युनिटचेही असते, आणि सिरिंज त्याच मापाची लागते. मापात गफलत झाली की डोस अडीचपट चुकतो. मांजर जेवले नाही, तर डॉक्टरांना विचारल्यावाचून नेहमीचा डोस देता येत नाही. रक्तातली साखर फार उतरली तर ते झोकांड्या खाते, त्याला झटकेही येतात. अशा वेळी हिरड्यांना मध चोळून तडक दवाखाना गाठावा लागतो. आपला लाडका दूधभातही बंद! मांजर हा मुळातच मांसाहारी प्राणी. टॉरिन नावाचे द्रव्य त्याला मांसमच्छीतूनच मिळते आणि त्याच्या अभावी डोळे व हृदय निकामी होऊ शकतात. त्यामुळे ज्या घरात मासळीचा तुकडा चालत नाही, त्या घराने आधी याचा विचार करावा. योग्य आहार आणि वेळेवर उपचार मिळाले, तर काही मांजरांचे इन्सुलिन सुटतेही. बंडोपंतांचे सुटलेले नाही. सुटेल या आशेवर आम्ही त्यांना आणलेही नव्हते.

म्हणून 'बिचारे!' म्हणून डोळे पुसणाऱ्यांची मला थोडी भीती वाटते. त्यांची दया महिनाभर टिकते. मग परीक्षा येते, गावाकडचे लग्न येते, आणि मांजर परत पाठवले जाते. ज्याला एकदा सोडून दिले, त्याला आपण दुसऱ्यांदा सोडतो. त्यापेक्षा 'मला जमणार नाही' असे आधीच सांगणारा मनुष्य मला अधिक प्रामाणिक वाटतो. वसतिगृहात राहणाऱ्या मित्रांनी तर या फंदात पडूच नये. सकाळी सातला आणि संध्याकाळी सातला घरी कोण असेल? औषधाचे आणि तपासणीचे पैसे दरमहा कोठून येतील? या दोन प्रश्नांची उत्तरे असतील, तर 'रोग' या शब्दाला घाबरण्याचे कारण नाही. मांजर देणाऱ्यांनीही दुखणे लपवू नये. लपवून दिलेले मांजर घरात टिकत नाही.

"माणसांना औषध मिळत नाही आणि तुम्ही मांजराला इन्सुलिन टोचता?" असे आम्हांला विचारले जाते. प्रश्न खोटा नाही. परंतु १९२१ साली टोरांटो येथे बँटिंग आणि बेस्ट यांनी इन्सुलिनचा शोध लावला, तो कुत्र्यांवरील प्रयोगांतून. पुढे कित्येक दशके माणसाचे इन्सुलिन गायीबैलांच्या आणि डुकरांच्या स्वादुपिंडातून काढले जाई. ज्यांच्या जिवावर आपण हे औषध मिळवले, त्यांच्यातल्याच एका जिवाला त्याचे चार थेंब दिले, तर माणसाचे काय हिरावले? शिवाय बंडोपंतांना औषध नाकारल्याने ते एखाद्या गरीब रुग्णाच्या हाती आपोआप पडणार आहे, असेही नाही. त्याच्यासाठी लढायचे तर वेगळे लढावे लागेल, आणि ते जरूर लढावे.

प्राण्याला उपासमार व्हावी अशा स्थितीत विनाकारण सोडून देणे, हा १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्याने गुन्हा आहे. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीने नागरिकांची जी मूलभूत कर्तव्ये सांगितली, त्यांत प्राणिमात्रांबद्दल दयाबुद्धी बाळगणे हेही एक आहे. नागरिकशास्त्राच्या पेपरात हे कलम आपण सर्वांनी घोकले आहे. त्यातला शब्द नुसता 'दया' नाही, 'दयाबुद्धी' आहे, याकडे मात्र आपले लक्ष जात नाही. दया क्षणात येते आणि क्षणात जाते. घड्याळ पाहून सुई भरण्याचे काम बुद्धीला करावे लागते, आणि ते रोज करावे लागते. ज्यांच्याजवळ दोन्ही आहेत, त्यांनी पिल्लांच्या टोपलीपलीकडे कोपऱ्यात बसलेल्या त्या मोठ्या मांजराकडेही एकदा पाहावे. काशीला पाठवायच्या सोन्याच्या मांजरापेक्षा ते खचितच स्वस्तात पडेल!