दिल्ली ते ताश्कंद 1,580 किमी, तरी विमानं का बंद झाली?

दोन शहरांतलं हवाई अंतर शोधलं की मोबाईलवर लगेच आकडा येतो. मी दिल्ली ते ताश्कंद टाकून बघितलं: साधारण 1,580 किमी. दिल्ली ते तिरुवनंतपुरम आहे सुमारे 2,200 किमी. म्हणजे उझबेकिस्तानची राजधानी दिल्लीला केरळपेक्षा जवळ! तरीही एप्रिल 2025 मध्ये इंडिगोने दिल्लीहून ताश्कंद आणि अल्माटीची उड्डाणं थांबवली. कारण काय दिलं? ही शहरं आपल्या सध्याच्या विमानांच्या पल्ल्याबाहेर आहेत.

हे कसं काय?

वेबसाइट दाखवते ते पृथ्वीच्या गोलावरचं सर्वात कमी अंतर. दोन ठिकाणांचे अक्षांश-रेखांश घेऊन ते काढतात. त्याला सरासरी वेगाने भागलं की 'फ्लाइट टाइम' तयार. या गणितात देशांच्या सीमा कुठेच नसतात.

पहलगाम हल्ल्यानंतर भारताने पाकिस्तानविरुद्ध पावलं उचलली. त्यावर 24 एप्रिल 2025 ला पाकिस्तानने भारतीय विमानांना आपलं आकाश बंद केलं. 30 एप्रिलला भारतानेही तेच केलं. पुढे ही मुदत महिन्या-महिन्याने वाढत गेली.

ताश्कंदचा सरळ रस्ता पाकिस्तानवरूनच जातो. तो बंद झाला की आधी गुजरातकडे खाली यायचं, अरबी समुद्रावरून पश्चिमेला जायचं आणि इराणवरून परत वर चढायचं. मग उत्तरेकडून सरळ का नाही? तिथे हिमालय, काराकोरम आणि तिबेटचं पठार आहे. केबिनमधला हवेचा दाब गेला तर विमानाला पटकन साधारण 10,000 फुटांवर यावं लागतं, आणि तिथले डोंगर त्याहून कितीतरी उंच आहेत.

आता आपल्या कामाचा मुद्दा. ही बंदी भारतीय कंपन्यांच्या विमानांना आहे, सगळ्यांना नाही. त्यामुळे दिल्ली-लंडन मार्गावर परदेशी कंपनी जवळच्या रस्त्याने जाऊ शकते, भारतीय कंपनीला वळसा पडतो. अंतराचा आकडा दोघांना एकच, पण वेळ आणि इंधनाचा खर्च वेगळा.

तिकीट काढताना मी तीन गोष्टी बघतो:

1. कॅल्क्युलेटरचा नाही, बुकिंगमध्ये दिलेला एकूण प्रवासाचा वेळ. सुटण्या-पोहोचण्याच्या वेळा त्या-त्या शहराच्या असतात, त्यामुळे स्वतः वजाबाकी केली तर फसायला होतं.
2. तिकीट कोणाचंही असो, विमान प्रत्यक्षात कोण उडवतंय.
3. फ्लाइटरडार24 वर त्याच फ्लाइटचे मागचे काही दिवस. खरा रस्ता आणि खरा वेळ तिथे कळतो.

पुढे कनेक्टिंग फ्लाइट असेल तर तिसरी गोष्ट अजिबात सोडू नका. 1,580 हा आकडा खोटा नाही. पण तो नकाशावरचा आहे, विमान मात्र जिथे परवानगी आहे तिथूनच जातं.