सुई टोचलेल्या दंत कर्मचाऱ्यास दोन तासांत औषध मिळण्याबाबत निवेदन

वैशाखरे, ता. मुरबाड, जि. ठाणे

प्रति,
मा. नियंत्रक अधिकारी,
दंतकक्ष व फिरती दंत शिबिरे

विषय : दंतकक्षात सुई वा धारदार हत्यार लागल्यास तातडीने उपचार मिळण्याबाबत.
संदर्भ : आमचे यापूर्वीचे अर्ज व आपल्या दालनातील चर्चा.

महोदय,

आम्ही खाली सह्या करणारे दंत सहाय्यक, कक्षसेवक व कंत्राटी सफाई कामगार याच विषयावर पुन्हा लिहीत आहोत. मागच्या अर्जांची पोच आमच्याकडे आहे, उत्तर एकाचेही नाही. जैवकचऱ्याचे नियम आणि एचआयव्हीबाबतचा कायदा आपणांस पूर्ण ज्ञात आहेत, म्हणून ते इथे लिहीत नाही. घडले तेवढे लिहितो.

गेल्या पावसाळ्यात एका शनिवारी दुपारनंतर एका रुग्णाची खालची दाढ काढून झाल्यावर आमच्या सफाई कामगार ताई ट्रे धुवायला घेत होत्या. रक्ताच्या गॉजखाली भुलीची सुई टोपणाशिवाय पडलेली होती. ती पातळ हातमोज्यातून बोटात गेली. ताईंनी बोट दाबले नाही, तोंडात घातले नाही, वाहत्या पाण्याखाली साबणाने धुतले. आम्हांला जे शिकवले होते ते सगळे झाले. पुढे काय, हे कोणालाच माहीत नव्हते. कपाटात पीईपीची, म्हणजे सुई लागल्यावर एचआयव्ही टाळण्यासाठी घ्यायच्या औषधाची, एकही गोळी नव्हती. फोनवर सांगण्यात आले, "घाबरू नका, सोमवारी पाठवा." माळशेज घाटाच्या पर्यटकांनी कल्याण-नगर रस्ता भरला होता, टोकावड्यापासूनच गाड्या खोळंबल्या होत्या आणि कक्षाचे वाहन मिळाले नाही. सोमवारी त्या स्वतःच्या खर्चाने मुरबाड, कल्याण करीत रुग्णालयात पोहोचल्या आणि दुपारी पहिली गोळी मिळाली.

यावर आपल्या कार्यालयातून आम्हांला ऐकवले गेले की ७२ तास उलटले नव्हते, मग तक्रार कसली? महोदय, ७२ तास ही शेवटची मर्यादा आहे. औषध पहिल्या दोन तासांत सुरू व्हावे असे आपलेच प्रशिक्षक शिकवतात. आणखी असे सांगितले गेले की एचआयव्हीचा धोका ०.३ टक्केच असतो. तो तेवढाच आहे, मान्य. पण रुग्णाला कावीळ ब असेल आणि टोचलेल्या माणसाने लस घेतलेली नसेल, तर धोका ६ ते ३० टक्क्यांपर्यंत जातो. ताईंना लस दिलेलीच नव्हती. कंत्राटदार म्हणतो, लस विभागाने द्यावी. कार्यालय म्हणते, त्या आमच्या कर्मचारी नाहीत. अशा वेळी कावीळ ब टाळण्यासाठी इम्युनोग्लोब्युलिनचे इंजेक्शन चोवीस तासांच्या आत द्यावे, त्याचे तर कोणी नावही काढले नाही.

ताईंच्या घरी अंगावर पिणारे मूल होते. मुलाला पाजावे की नाही, हे त्या दोन रात्री त्यांना सांगायला कोणी नव्हते. पुढे २८ दिवस गोळ्या, मग सहा आठवड्यांनी, तीन महिन्यांनी आणि सहा महिन्यांनी तपासणी. प्रत्येक खेपेला मजुरी कापली गेली. नोंदवहीत नोंद करा म्हटल्यावर उलट प्रश्न आला, "ट्रेमध्ये हात घालायला कोणी सांगितले होते?" ट्रे हाताने उचलल्याशिवाय धुता येतो का, हे प्रश्न विचारणाऱ्यांनी एकदा येऊन दाखवावे.

ज्यांची दाढ काढली त्या रुग्णाची तपासणी झाली असती, तर निम्मी भीती त्याच दिवशी संपली असती. कक्षात तपासणीचे किट नव्हते. नंतर वाडीवर निरोप पाठवला, तोवर ते कुटुंब कामाला बाहेरगावी गेले होते. आपल्या भागातील कातकरी, ठाकूर कुटुंबे भातरोपणीला आणि दिवाळीनंतर वीटभट्टीला घर सोडतात, हे आपण जाणता. खुर्चीवरून उठून गेलेला रुग्ण पुन्हा सापडेल हे गृहीत धरून इथे काम करता येत नाही. त्याच वेळी समजावून, त्याची संमती घेऊन, गुप्तता राखून तपासणी व्हायला हवी.

त्या प्रसंगानंतर आपण तोंडी कबूल केले होते की औषधाचा डबा "आठवड्याभरात" पोहोचेल. मग "मार्चनंतर निधी आला की", मग "नवीन साहेब रुजू झाले की". साहेब रुजू होऊनही बराच काळ लोटला. दात काढण्याची शिबिरे मात्र एकदाही पुढे ढकलली गेली नाहीत.

आमची मुख्य मागणी एकच आहे : सुई लागलेल्या प्रत्येकाला उपचार तातडीने मिळावेत. त्यासाठी पुढील गोष्टी व्हाव्यात. पीईपीच्या पहिल्या मात्रा आणि तपासणीची किट कक्षात व प्रत्येक शिबिराच्या पेटीत ठेवावीत. कपाटाची किल्ली हजर कर्मचाऱ्याकडे असावी, रजेवर गेलेल्या अधिकाऱ्याकडे नव्हे. रात्री वा सुट्टीच्या दिवशीही ज्यांना फोन करता येईल अशा डॉक्टरांचे नाव व क्रमांक भिंतीवर लावावा. पुढच्या उपचारासाठी जाण्यायेण्याचे वाहन द्यावे, मजुरी कापू नये, आणि हे कंत्राटी कामगारांनाही लागू असल्याचे लेखी आदेश काढावेत.

यासोबत सर्वांना कावीळ ब ची लस (०, १ व ६ महिने) आणि नंतर अँटीबॉडीची तपासणी. धुण्यासाठी जाड हातमोजे, चष्मे.

भुलीचे दुसरे इंजेक्शन त्याच रुग्णाला लागते म्हणून दंतकक्षात टोपण परत लावावेच लागते. त्यासाठी टोपण धरणारा स्टँड द्यावा, आणि वापरलेली सुई डॉक्टरांनी स्वतः खुर्चीपाशीच पांढऱ्या डब्यात टाकावी. नीडल कटर बंद आहे. डबे वेळेवर उचलले जात नाहीत. २००९ साली गुजरातमधील मोडासा येथे वापरलेल्या सिरिंजा पुन्हा वापरात आल्या आणि कावीळ ब पसरली, त्यामुळे हेही किरकोळ समजू नये.

पंधरा दिवसांत लेखी उत्तर द्यावे. कक्षातील रुग्णसेवा आम्ही थांबवणार नाही, दुखऱ्या दाताने आलेल्या माणसाला परत पाठवणे आम्हांला मान्य नाही. परंतु औषधाचा डबा सोबत दिल्याशिवाय यापुढे कोणत्याही शिबिराच्या गाडीत आम्ही बसणार नाही, याची कृपया नोंद घ्यावी.

आपले विश्वासू,
दंतकक्षातील कर्मचारी व कंत्राटी सफाई कामगार
(सह्या स्वतंत्र कागदावर)

सोबत : १) पूर्वीच्या अर्जांच्या पोचपावत्या. २) संबंधित कामगाराचे नाव, कक्षाचे नाव व उपचाराची कागदपत्रे, बंद पाकिटात. पाकीट आपण स्वतः उघडावे, आवक-जावक टेबलावर नव्हे.