मिरगी: शाळेला सांगाच



‘नोकरी असो वा शाळा, मिरगीबद्दल अवाक्षर काढू नका’ हा गेल्या अंकातील पत्रलेखकांचा सल्ला शाळेपुरता तरी घातक आहे. माझ्या मुलीला पहिली फिट वर्गातच आली. बाई घाबरल्या, कोणी दातांत चमचा कोंबला, कोणी नाकाशी कांदा धरला. कुशीवर वळवा, तोंडात काही घालू नका, घड्याळ बघा, पाच मिनिटांत झटके थांबले नाहीत तर १०८ला फोन करा, एवढा मजकूर लिहिलेला कागद आता बाईंच्या खणात असतो.

नोकरीचे वेगळे. वांद्रे-कुर्ला संकुलात संगणकासमोर बसणाऱ्याने मुलाखतीतच का सांगावे? मात्र वैद्यकीय अर्जात थेट विचारले तर खोटे लिहू नये. काम उंचीवरचे, यंत्रावरचे किंवा गाडी चालवण्याचे असेल, तर लपवणे जिवावर बेतते. हिंदू विवाह कायद्यातून विवाह रद्द ठरवण्याचे कारण म्हणून मिरगी १९९९ साली वगळली गेली, तरी स्थळ बघताना गोळ्या लपवणारी घरे आमच्याच वसाहतीत आहेत. त्यांची भीती मला कळते. पण नोकरीत शेजारच्या टेबलावरच्या एका सहकाऱ्याला तरी सांगून ठेवा, एवढे पत्रलेखकांनी लिहायला हवे होते.

— एक आई, वांद्रे (पूर्व)