बूम धुण्याचा अर्धा तास कोणाचा?

लागणीचा हंगाम सुरू झाला, की आमच्याकडे दोन तक्रारी हमखास येतात. पहिली म्हणजे, "साहेब, तणनाशक लागू पडलं नाही, माल डुप्लिकेट असणार." दुसरी जरा हळू आवाजात, "फवारणी केली आणि भाजीपाला वाकडा झालाय." दोन्ही वेळा सभासद दुकानदाराच्या नावाने बोटे मोडत असतात. आम्ही आधी रानात जातो. पुष्कळदा दोष औषधात नसतो, ट्रॅक्टरमागे लटकलेल्या बूममध्ये असतो.

भांगलणीला माणूस मिळेनासा झाला, तेव्हापासून मिनी ट्रॅक्टर, त्यामागे दोनशे लिटरची टाकी आणि बारा नोझलचा बूम हे चित्र बावड्याच्या मळ्यापासून नदीपलीकडच्या गावांपर्यंत दिसते. साडेचार-पाच फुटी सरीत ते चांगले काम देते, याबद्दल वाद नाही. पण यंत्र घेताना किंमत, अनुदान, हप्ता यांवर महिनाभर खल करणारा माणूस घेतल्यानंतर नोझल कधी उघडून बघत नाही. बैलाला संध्याकाळी पाणी दाखवल्याशिवाय न जेवणारी आपली माणसं, टाकीत औषध तसंच ठेवून घरी जातात!

रान स्वतःच सांगते, फक्त वाचता आले पाहिजे. तण पट्ट्यापट्ट्याने राहिले असेल तर नोझल तुंबलेले किंवा बूम फार खाली धरलेला. पंखी नोझल अर्ध्या मीटरवर बसवलेली असतील, तर बूमही जमिनीपासून साधारण अर्धा मीटर उंच हवा. तरच शेजारच्या दोन नोझलांचे पंखे एकमेकांवर चढतात. टाकीच्या सुरुवातीच्या सऱ्या स्वच्छ आणि शेवटच्या हिरव्यागार, असे दिसले तर टाकीतली ढवळणी बंद आहे असे समजावे. अ‍ॅट्राझिनची पावडर पाण्यात विरघळत नाही, नुसती तरंगत राहते. ढवळले नाही की तळाला बसते. आणि सगळ्या रानात तण सारखेच राहिले असेल, तर जमिनीत ओल होती का, आणि ट्रॅक्टर किती वेगात पळवला, हे आधी विचारावे.

वेगाचा हिशेब एकदा करून बघा. बारा नोझलचा बूम सहा मीटर रुंद. शंभर मीटर चालला की सहा गुंठ्यांना जरा कमी रान भिजते. हे अंतर ट्रॅक्टरने ९० सेकंदांत कापले आणि प्रत्येक नोझल मिनिटाला १.६ लिटर सोडत असेल, तर सहा गुंठ्याला २८.८ लिटर, म्हणजे एकरी सुमारे १९० लिटर पाणी पडते. तेच अंतर ६० सेकंदांत कापले, तर पाणी एकरी १२८ लिटरवर येते. टाकीत औषध त्याच हिशेबाने कालवलेले असल्यामुळे तणाला तिसरा हिस्सा डोस कमी मिळाला. मग औषध डुप्लिकेट कसे?

उलट बाजू नोझल झिजल्याची. पावडरीचे औषध आणि पावसाळ्यातले पंचगंगेचे गढूळ पाणी, दोन्ही नोझलचे तोंड कानशीसारखे घासतात. नव्या नोझलचे पाणी एक मिनिट मापात धरून लिहून ठेवावे. १.६ चे १.७६ च्या वर गेले, म्हणजे दहावा हिस्सा वाढ झाली, की ते फेकून द्यावे. दोन लिटरपर्यंत झिजलेली नोझल घेऊन फिरणारे बूम आम्ही पाहिले आहेत. त्यांची दोनशे लिटरची टाकी ४१ गुंठ्यांऐवजी ३३ गुंठ्यांतच संपते. जादा औषधाचे पैसे धरले, तर बाराच्या बारा नोझल बदलणे स्वस्त पडते. तुंबलेल्या नोझलमध्ये तार किंवा टाचणी घालू नये, तोंड फाकते. जुना दात घासायचा ब्रश आणि सायकलचा पंप पुरे. तोंडाने फुंकण्याची सवय तर आजपासून बंद करा. ते विष आहे.

पंपाचे दुखणे बहुधा सोपे असते. दाब चढत नसेल तर आधी ओढीच्या बाजूची जाळी साफ करावी, मग त्या पाइपाचे क्लँप आवळावेत. हवा ओढणारा पंप कधीच दाब धरत नाही. गेजचा काटा थरथरत असेल तर हवेची कुपी रिकामी झालेली असते. डायफ्रॅम पंपाचे तेल दुधी दिसले, तर डायफ्रॅम फाटला म्हणून समजावे आणि तिथेच थांबावे. "एवढं रान उरकून घेऊ" म्हणणाऱ्याला पुढे अख्ख्या पंपाचे बिल येते. वायसर, जाळी, डायफ्रॅम हे सामान उद्यमनगरात मिळते, तेव्हा सबब नको.

आता दुसऱ्या तक्रारीकडे, कारण खरे भांडण तिथे आहे. टू-फोर-डी उसाला चालते. टोमॅटो, वांगी, मिरची, सोयाबीन यांना मुळीच चालत नाही. टाकीत, नळीत, जाळीत थोडे राहिले तरी पुरते. सकाळी उसात तणनाशक मारून आलेला बूम दुपारी टोमॅटोवर कीटकनाशक मारायला गेला, आणि आठवड्यात शेंडे पिळवटून गेले, असे प्रकरण आमच्यासमोर आले आहे. मालक म्हणाला, ड्रायव्हरने धुतला नाही. ड्रायव्हर म्हणाला, धुवायचे पैसे कोण देतो?

आमच्या मते ड्रायव्हरचा प्रश्न बरोबर आहे. भाडे ठरते एकरावर किंवा टाकीवर. धुण्याचा अर्धा तास कोणाच्याच हिशेबात नाही, म्हणून तो कोणीच देत नाही. एकरी भाडे घेणाऱ्याला पळवण्याची घाई असते ती वेगळीच. सभासदांनी भाडे ठरवतानाच धुण्याचे पैसे वेगळे सांगून द्यावेत, आणि समोर उभे राहून धुवून घ्यावे. चार रुपये जादा गेले म्हणून कुरकुर करू नये. भावकीत बांधावरून कोर्टात गेलेल्यांना त्यांचा खर्च विचारा.

धुणे म्हणजे नुसता पाण्याचा हबका नव्हे. टाकीत वीस-पंचवीस लिटर स्वच्छ पाणी घेऊन, ढवळून, त्याच उसावर बूममधून मारून टाकावे. मग शंभर लिटरला किलोभर या प्रमाणात धुण्याच्या सोड्याचे पाणी करून टाकी आणि नळ्या भराव्यात व रात्रभर ठेवाव्यात. नोझल आणि जाळ्या काढून वेगळ्या घासाव्यात. हे पाणी विहिरीपासून, ओढ्यापासून लांब, आपल्याच पडीक जागेत जिरवावे. शेवटी पुन्हा स्वच्छ पाण्याने खळबळावे. औषधाच्या पत्रकात धुण्याची वेगळी रीत दिली असेल, तर तीच पाळावी. पाठीवरचा पंप मात्र तणनाशकाला वेगळाच ठेवावा, तो दोन घेणे परवडते.

राजाराम बंधाऱ्यावर किंवा नदीकाठी ट्रॅक्टर लावून टाकी धुणे आम्हाला अजिबात मान्य नाही. खालच्या गावांचे पाणी तेच आहे. पंचगंगा प्रदूषित झाली म्हणून आपण कारखान्यांकडे, शहराकडे बोट दाखवतो. मग आपली टाकीही तिथे दिसू नये.

ज्यांची शेड मळीच्या रानात आहे, त्यांनी आडसाली लागणीआधीची तणनाशक फवारणी संपली की बूम उचलून गावात आणावा. २०१९ आणि २०२१ च्या महापुरात काठावरच्या रानांत किती वर पाणी आले होते, हे सांगायला नको. गाळ शिरलेला पंप मेस्त्रीने खोलेपर्यंत गंजून जातो.

भाडेकरी ट्रॅक्टरवाले आणि सभासद यांनी गावोगाव बसून एकदा दर ठरवावा: फवारणीचा इतका, धुण्याचा इतका, आणि नोझल मापून दाखवल्याशिवाय टाकी भरायची नाही. जुलैच्या लागणी सुरू व्हायच्या आधी हे झाले, तर यंदाच फरक दिसेल. मापाचे भांडे आणि घड्याळ घेऊन आमचे शेती खाते बैठकीला येईल.