आधी शाळेचा दाखला बघा



काही भयंकर घडलं की चौकात मोर्चा निघतो, 'फाशी द्या!' आरोपी सतरा वर्षांचा आहे म्हणावं, तर उत्तर तयार असतं: गुन्हा करताना वय आड आलं नाही, मग आता का? हा संताप खोटा नाही. पण पत्रक हातात आलंच आहे, तर आपल्याच शहरातली ही हकीकत वाचा आणि मग खुशाल बोळा करून फेका.

ऑगस्ट १९९४. पुण्यातल्या एका घरात पाच बायका आणि दोन लहान मुलं मारली गेली. त्या पाचांतली एक गरोदर होती. पोलिसांनी राजस्थानात जाऊन आरोपी पकडले. त्यांतल्या एकाचं वय कागदावर विशीच्या घरात लागलं आणि तेच पुढे चालत राहिलं. १९९८ मध्ये पुण्याच्या सत्र न्यायालयाने फाशी सुनावली, १९९९ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने आणि २००० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती कायम केली. तिन्ही पायऱ्या चढूनही ते वय तसंच राहिलं.

२७ मार्च २०२३ ला सर्वोच्च न्यायालयाने बिकानेर जिल्ह्यातल्या एका सरकारी शाळेतली त्याच आरोपीच्या जन्मतारखेची नोंद ग्राह्य धरली. गुन्ह्याच्या वेळी तो साडेबारा वर्षांचा होता! कायद्याने त्याला जास्तीत जास्त तीन वर्षं ठेवता आलं असतं. तो २८ वर्षं आत होता, त्यातली बहुतेक गळ्याशी दोर घेऊन.

तेव्हा कायदाच नव्हता, असं म्हणायची सोय नाही. १९८६ च्या कायद्यानेही सोळा वर्षांखालच्या मुलाला फाशी देता येत नव्हती. २००० मध्ये ही मर्यादा अठरावर गेली. दिल्लीच्या बलात्कार प्रकरणानंतर लोकांच्या रेट्याने २०१५ चा कडक कायदा आला. सोळा ते अठराच्या मुलावर, गुन्हा अतिगंभीर असेल तर, प्रौढासारखा खटला चालवायची वाट त्याने उघडली. त्या कायद्याच्याही कलम २१ ने फाशीला मनाई केली आहे. चौकातली घोषणा त्याच्याही पुढे धावते आहे.

कायदा जागेवर आहे, वय मात्र सापडत नाही. आणि ते सापडत नाही गरिबाच्याच पोराचं. बंगल्यातल्या मुलाचा जन्मदाखला वकील पहिल्याच दिवशी हजर करतो. परगावाहून मजुरीला आलेल्या पोराचं वय ठरतं मिसरूड बघून. हाडांच्या तपासणीत दोन वर्षं इकडेतिकडे होतात, आणि इथे तर दोन वर्षांवर जीव टांगलेला असतो. हे एकट्या पुण्यात घडलं असंही नाही. डेहराडूनच्या १९९४ च्याच एका प्रकरणात फाशीची शिक्षा झालेला आरोपी तेव्हा चौदा वर्षांचा होता, हे न्यायालयाने मान्य केलं जानेवारी २०२५ मध्ये. राष्ट्रपतींनी २०१२ मध्ये फाशी रद्द केली नसती, तर मान्य करून कुणाला सोडणार होते?

आमची मागणी एवढीच: ज्या गुन्ह्याला फाशी होऊ शकते, त्यात आरोपीच्या शाळेची किंवा ग्रामपंचायतीची जन्मनोंद तपासल्याशिवाय खटला उभा राहू नये. ही नोंद शोधणं पोलिसांचं काम असावं, कोठडीतल्या पोराचं नव्हे. खर्चाचं कारण कुणी सांगू नये. बिकानेरच्या त्या शाळेची नोंदवही १९९४ मध्येही राजस्थानातच होती, आणि आरोपीला आणायला पोलीस तिथवर गेलेच होते.