फेस कसला बघता, मोटारीचं पाणी मोजा



आषाढी-कार्तिकी जवळ आली की आळंदीतल्या इंद्रायणीच्या फेसाचे फोटो फिरायला लागतात. पुढारी घाटावर येऊन बोलतात. वारी पुढं सरकली की कॅमेरेही जातात. खाली धानोरे, मरकळ, तुळापूरपर्यंतच्या मोटारी मात्र हेच पाणी वर्षभर उचलतात. त्याचा फोटो कोण काढणार?

फेस म्हणजे साबण-डिटर्जंट. बंधाऱ्यावरून पाणी पडलं, हवा मिसळली की फेस चढतो. उद्या फवारा मारून फेस बसवला तरी पाणी तेच.

वर आपल्यालाच ऐकवतात, नदी शेतकऱ्याच्या खता-औषधानं बिघडली. अतिरेक होतो, त्यावर इथं आपण भांडतोच. पण युरियानं असला फेस चढत नाही. निकेल-क्रोम हा प्लेटिंगच्या धंद्याचा माल, आपल्या नाही. वरच्या अंगाला पिंपरी-चिंचवडचा मैला, दोन्ही काठांना तळवडे-चाकण पट्ट्यातले कारखाने न्‌ त्यांना माल पुरवणारी बारकी वर्कशॉपं. केंद्रीय प्रदूषण मंडळाच्या २०१८ च्या यादीत देशात ३५१ प्रदूषित नदीपट्टे होते. त्यातले ५३ एकट्या महाराष्ट्रात, आणि त्यात आपली इंद्रायणी. ते काय शेतातल्या पाटानं झालं?

आपल्यातलेही काही म्हणतात, या पाण्यावर पीक कसं काळंभोर येतं! येणारच, मैल्यातलं नत्र फुकट मिळतंय. पण डोस तुमच्या हातात आहे का? कांदा पोसायच्या वेळीही नत्र चालूच. मग माना जाड राहतात आणि चाळीत कांदा सडतो. चाकणचं नाव आधी कांद्याच्या बाजारानं झालं, गाड्या नंतर आल्या, एवढं तरी ध्यानात ठेवा. सोडियम तर त्याहून बेरकी. काळ्या रानात साचत गेला की निचरा बसतो, वाफसा लांबतो, आणि वाळलेलं ढेकूळ कुळवानं फुटत नाही.

आता कृषी खात्यातल्या मित्रांना सवाल. मृदा आरोग्य पत्रिकेत १२ घटक: सामू, क्षारता, सेंद्रिय कर्ब, नत्र, स्फुरद, पालाश, गंधक, जस्त, लोह, तांबे, मंगल, बोरॉन. शिसं, कॅडमियम, क्रोमियम, निकेल कुठं आहेत? आणि जस्त भरपूर निघालं तर पत्रिका म्हणणार ‘पुरेसे’. ते झिंक सल्फेटचं की गॅल्व्हनायझिंगच्या टाकीतलं, हे तिला काय कळणार? माळरानाला ही पत्रिका ठीक, नदीकाठाला अपुरी आहे. मेथी-पालकासारख्या पालेभाज्या कॅडमियम पानात ओढतात, आणि ती जुडी मोशीच्या बाजारातून त्याच शहराच्या ताटात जाते. तेव्हा हा फक्त आमच्या बांधावरचा प्रश्न नाही.

मागणी साधी आहे. काठावरच्या पत्रिकेत हे चार धातू घाला. जॅकवेलपाशी दर हंगामाला ईसी, सोडियमचं प्रमाण आणि जड धातू मोजा, आकडे ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावा.

तोवर आपण गप्प बसायचं नाही. रब्बीच्या लागणीआधी काठावरच्या गावांनी एकाच दिवशी नमुने घेऊ. मोटार दहा मिनिटं चालू द्या, बाटली त्याच पाण्यानं तीनदा विसळा, जागा-तारीख-वेळ लिहा. धातूंची बाटली वेगळी असते, तिच्यात आम्ल घालावं लागतं, ती प्रयोगशाळेतूनच मागवायची. कोण येतंय? गावाचं नाव खाली टाका.